बत्तीस तारांचं विमान

रुडॉल्फने जन्मभर जाळी विणली, फाटकी जाळी शिवून दिली, पण हातभर लांबीच्या त्या विमानापुढे त्याने हात टेकले होते. त्याला खेळणं म्हणायचीही सोय नव्हती. थोरला भाऊ लॅन्सी लगेच डाफरायचा, "मॉडेल म्हण, मॉडेल!"

कोपरीच्या त्या घरात लॅन्सीने तीस वर्षं अशीच दुपंखी विमानं जोडली होती. आता त्याचे हात थरथरायचे. चिमट्यातला धागा काही केल्या भोकात जात नसे. म्हणून हे शेवटचं, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. रविवारी डोंबिवलीच्या प्रदर्शनात विमान ठेवायचं आणि त्यानंतर हा नाद कायमचा बंद. शनिवारी दुपारी बाराच्या आत ते तिथे पोचवायचं होतं. रंग झाला होता, चाकं बसली होती. वरच्या आणि खालच्या पंखांमधल्या बत्तीस तारा तेवढ्या राहिल्या होत्या. तारा म्हणजे केसाएवढा बारीक तंगूस, मासेमारीचा नायलॉनचा धागा.

"तंगूस तुझ्या हातचा मळ आहे," म्हणत लॅन्सीने ते काम धाकट्याच्या गळ्यात मारलं.

तंगूस एका पंखाच्या भोकात घालायचा, गोंदाचा ठिपका द्यायचा, दुसऱ्या पंखातून हलकेच ओढून पुन्हा ठिपका द्यायचा. गोंद वाळला की पेटती अगरबत्ती जवळून फिरवायची. उष्णतेने तंगूस आक्रसतो आणि तार ताठ होते. अगरबत्ती जरा जास्त जवळ गेली की तार तुटलीच. हे सगळं लॅन्सीने इतक्यांदा सांगितलं की रुडॉल्फला झोपेतही ऐकू येऊ लागलं.

मंगळवारी रुडॉल्फ जाळ्याला बसावं तसा बसला. एका टोकाने सुरुवात केली, उजवी बाजू पुरती बांधून, तापवून ताठ केली आणि मग डावीकडे वळला. बुधवारी सकाळी पाहतो तर वरचा पंख पिळवटलेला.

"जाळं आहे का रे हे?" लॅन्सी कडाडला. "एक डावी, एक उजवी! आलटून पालटून! काप सगळं."

कापलं. गुरुवारी एक डावी, एक उजवी करत पुन्हा बांधलं. त्यात दोन तारा जळल्या, एक बोट भाजलं, आणि लॅन्सी दादूस म्हणाला, "मधली सैल आहे." भांडून उपयोग नव्हता. शुक्रवारी तिसऱ्यांदा बांधलं. रुडॉल्फची बायको डॉरिस फुटपट्टी घेऊन आली, तिने दोन्हीकडून मोजलं. केसाचाही फरक नव्हता.

शनिवारी सकाळी नऊ वाजता डॉरिसने खोक्यात कापूस पसरला. लॅन्सी विमानावर वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला.

"पुढची सैल आहे."

"डोळे फुटलेत काय तुझे?" रुडॉल्फचा तोल सुटला. "दादूस, चार दिवस झाले माझं डोकं खातोयस! मी नाय बांधणार आता. गाडी बोलावतो, गप चल."

त्याने विमान उचलायला हात घातला, तर लॅन्सीने त्याचं मनगट धरलं. ती बोटं थरथरत होती, पण पकड घट्ट होती.

"आणि सोमवारी मी काय करू रे?" लॅन्सीने विचारलं.

डॉरिसच्या हातातला कापूस तसाच राहिला. रुडॉल्फला भावाची भयंकर कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच राग आला. आधी बोलला असता तर? आपलं बोट भाजलं ते कशासाठी? एवढी चोख तार त्याने अख्ख्या आठवड्यात बांधली नव्हती. त्याने पुढच्या तारेला नख लावून पाहिलं. तसूभरही हलली नाही.

त्याने पातं उचललं आणि ती कापली.

"रुडॉल्फ!" डॉरिस ओरडली. "बाराला पोचायचं ना?"

"सैल होती," रुडॉल्फ खेकसला. "प्रदर्शन पुढच्या वर्षी पण असतं. सैल तार घेऊन जाऊ काय तिथे?" आणि त्याने शेजारचीही कापली.

लॅन्सीने खुर्ची टेबलाजवळ ओढली. नाक पुसलं, चष्मा चढवला.

"डावीकडून सुरू कर," तो म्हणाला. "आणि गोंद कमी लाव. कितींदा सांगायचं तुला?"