पुसायचं राहिलं

जितेंद्रनं तारेचा ब्रश पुन्हा एकदा लादीवर घासला. तांबडी भुकटी उडाली, वरची राखाडी साय मात्र जागची हलली नाही. गुलामभाईंच्या अंगणात त्यानं जांभ्याच्या लाद्या अशा बेतानं बसवल्या होत्या की बघणाऱ्यानं वाहवा म्हणावं. आणि सांधे भरताना माती खाल्ली!

सांध्यांत ओतलेलं सिमेंट लाद्यांवर सांडतंच. ते ओलं आहे तोवर ओल्या गोणपाटानं पुसून काढायचं, नाहीतर जांभ्याच्या भोकाभोकांत जाऊन बसतं. हे काय त्याला कुणी शिकवायला हवं होतं? पण काल ऐन त्या वेळी किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं लागलं. दोर ओढेल त्याला माशांचा वाटा, अशी आरोळी आली आणि हा मेला गोणपाट टाकून धावला. बांगडे घेऊन परतला तेव्हा सिमेंटनं घट्ट धरलं होतं.

उद्या याच अंगणात गुलामभाईंच्या लेकीचा, इल्माचा निकाह. बांद्याहून वऱ्हाड येणार.

सकाळी गुलामभाईंनी विचारलं तेव्हा तो पटकन बोलून गेला होता,

"दगडातला मीठ वर फुटला. लवूच्या खाणीचोच दोष."

गुलामभाईंनी लागलीच खाणवाल्या लवूला बोलावून घेतलं. गुलामभाई आणि तो लहानपणापासूनचे दोस्त. लवू आला, उकिडवा बसला, ती साय नखानं खरवडून त्यानं जिभेला लावली. कसलं मीठ नि कसलं काय! त्यानं मान वर करून जितेंद्रकडे पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं असं जितेंद्रला झालं.

"व्हय, गुलामभाई," लवू उठत म्हणाला. "दगडच खराब इलो. चूक माझी."

"माझ्या चेडवाच्या लग्नाक असलो दगड? उद्या तुझा तोंड माका दाखव नको!"

लवूनं चपला पायात सरकवल्या आणि तो चालू लागला.

जितेंद्रनं ब्रश खाली टाकला.

"गुलामभाई, दगड बरो आसा. मीच रापणीक पळालंय. सिमेंट पुसलंय नाय. मीठबीठ सगळा खोटा."

दारात गुलामभाईंची बायको बानू उभी होती. तिनं मान फिरवली, ते त्याला शिवीपेक्षा लागलं.

"मगे हंय उभो काय रवलंस? जा, लवूक घेवन ये!" गुलामभाई ओरडले.

तो धावत सुटला. लवू माडांच्या वळणावर सापडला. धापा टाकत जितेंद्रनं सांगितलं, मी सगळं कबूल केलं, भाई तुम्हाला परत बोलावतायत. आता तरी याचा चेहरा उजळेल, अशी त्याची वेडी आशा.

लवूनं कपाळावर हात मारून घेतला.

"मेल्या, सांगलंस कित्याक? माझ्या दगडाक गिऱ्हाइका चार गावात आसत. तुका आता कामाक कोण बोलवतलो?"