माझ्या हातांवर बसलेली दोन पोरं

मित्रांनो, मी केस कापायच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. माझी पाठ तीन ठिकाणी शिवलेली आहे आणि डावा हात ठोकून ठोकून सरळ केलेला आहे. नवीन मूल दुकानात आलं की आधी मला न्याहाळतं आणि मग आईच्या मागे लपतं. हिचे हे हाल केले, तर आपलं काय करतील, असं त्याला वाटत असावं.

माझा जन्मच मारहाणीत झाला. लोखंड लालभडक होईस्तोवर भाजलं, घणाने बडवलं, अंगात भोकं पाडली आणि वरून कातडं खेचून खिळे ठोकले. तेव्हा मनात म्हटलं, संपला एकदाचा छळ. आता जन्मभर लोक येतील, टेकतील आणि पेंगतील. किती भोळी होते मी!

सुरुवातीची वर्षं मात्र कौतुकाची होती. माझा मालक हाताने झरझर काम करायचा आणि तोंडाने त्याहून झरझर. प्रत्येक गिऱ्हाइकाला वस्तऱ्यात ब्लेडचा नवा तुकडा घालायचा आणि वापरलेला पत्र्याच्या डब्यात टाकायचा. हे त्याने कधी चुकवलं नाही. लहान मुलं आली की माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकून त्यांना वर बसवायचा. पोरं लाथा झाडायची, माझं पोट सोलवटायची. मला ते आवडायचं.

मालक आणि मालकीणबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. दर महिन्याला मालक एका अनाथाश्रमात जाऊन मुलांचे केस कापून यायचा. तिथे एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ, या दोघांना नेहमी रांगेत शेवटी उभं करत. का, ते त्याने विचारलं. दोघांना जन्मापासून एच.आय.व्ही. होता आणि आई-वडील त्याच आजाराने गेले होते. त्या दिवशी केस कापता कापता तो धाकटा मालकाच्या पोटाला डोकं टेकून झोपून गेला. मालक दुकानात येऊन हे सांगत होता, त्या पोराला घरी आणू या म्हणत होता आणि नाक पुसत होता.

मालकीणबाई म्हणाल्या, "एकट्या पोराला आणाल तर बहीण रडून जीव देईल. दोघांना आणा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आपल्याकडे दाढी करायला येतात. म्हणायचं ते फेस लावल्यावर म्हणू देत."

अशी ती दोघं आमच्याकडे आली. बहीण सारखी काहीतरी उचलून ठेवायची, म्हणून ती मुंगी. भाऊ सतत गुणगुणायचा, म्हणून तो भुंगा. औषध रोजचं, ठरल्या वेळेचं, एकही दिवस न चुकवता. भुंगा सुरुवातीला ते थुंकायचा. एकदा तर थेट माझ्या बैठकीवर थुंकला. पण हळूहळू दोघांच्या गालांवर मांस आलं, भुंग्याच्या लाथांना जोर आला. पहिला दणका बसला तेव्हा मालक आनंदाने ओरडला होता, "अगं, लागलं बघ मला!"

मग चूक झाली. न्हाव्याच्या घरच्यांचे केस नेहमी सुट्टीच्या दिवशी कापले जातात. शटर अर्धं ओढायचं, म्हणजे गिऱ्हाइकं आत घुसत नाहीत. मालकाच्या बापानेही तसंच केलं होतं. मालकाने यात वेगळं काही केलं नाही, पण पोरांचा आजार एव्हाना गल्लीत कळला होता आणि बाहेरून बघणाऱ्याला ते अर्धं शटर वेगळंच दिसलं.

त्या संध्याकाळी भुंगा फळीवर होता, गळ्याशी पांढरं कापड होतं. मुंगी खाली पडलेले केस झाडत होती. शटर खाड्कन वर गेलं. पुढे होता शेजारचा बेकरीवाला, माझ्यावर वर्षानुवर्षं घोरलेला माणूस. त्याच्या मागे सात-आठ जण, हातांत काठ्या आणि विटा.

"लपून यांची डोकी भादरतोस होय रे? आणि तोच वस्तरा उद्या आमच्या गालांवर?"

"अहो, ब्लेड दर वेळी नवं असतं. तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो की!"

"डोळ्यांदेखतचं दिसतं. शटरामागचं कुणी पाहिलंय?"

पहिली वीट बाटल्यांवर बसली. काठीच्या एका तडाख्यात माझा डावा हात वाकला. भुंगा फळीसकट जमिनीवर आपटला. कुणीतरी चाकूने माझी पाठ वरपासून खालपर्यंत फाडली. लोखंडाला दुखत नाही म्हणतात, ते म्हणणाऱ्यांना कधी फाडलेलं नसतं. मालकाला खाली पाडून त्याच्या उजव्या हातावर बूट नाचवले. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी काडी मोडावी तसा होता.

बेकरीवाल्याने भुंग्याची मानगूट धरली. मालक उठला आणि डाव्या हाताने वस्तरा उघडून बेकरीवाल्याच्या गळ्याशी नेला. आयुष्यात ज्या गळ्याला त्याने ओरखडाही येऊ दिला नव्हता, तोच गळा.

"नको!" मुंगी किंचाळली. मालकाच्या हातातून वस्तरा गळून पडला. बेकरीवाला दचकून मागे सरला, घसरला आणि फुटक्या आरशावर पडला. दंड फाटला. रक्ताची धार थेट माझ्या पायांवर आली.

ते रक्त बघताच त्याचे साथीदार मागे हटले. "याला लागलं! आता याच्यात पण रोग आला!" एक ओरडला आणि सगळे पळाले. काठ्यासुद्धा इथेच टाकून गेले.

बेकरीवाला बडबडू लागला, "मेलो, मला त्या पोरांचं रक्त लागलं..."

"काका," मुंगी म्हणाली, "रक्त तुमचंच आहे. आम्हाला लागलेलंच नाही."

मालक टॉवेल घेऊन वाकला, तशी ती खेकसली, "आधी हातमोजे!" केसांना रंग लावायचे हातमोजे तिने खणातून काढून त्याच्याकडे फेकले. "कुणाचंही रक्त असलं तरी घालायचे. दवाखान्यातल्या ताईंनी किती वेळा सांगितलंय!" मोडलेला हात मोज्यात शिरेना. मग मागच्या घरातून धावत आलेल्या मालकीणबाईंनी मोजे चढवले आणि बेकरीवाल्याचा दंड दाबून धरला. पुढे त्याला टाके पडले, मालकाला प्लास्टर. बेकरीवाला माझ्यावर पुन्हा बसला नाही. दाढी वाढवून हिंडतो.

मालक दवाखान्यातून परत आला तेव्हा मुंगी मागच्या घरातून पिशवी भरून बाहेर आली. दुसऱ्या हातात भुंगा.

"आम्हाला आश्रमात सोडा. आम्ही गेलो की ते मारणार नाहीत तुम्हाला."

मालकीणबाईंनी पिशवी हिसकली आणि काचांच्या ढिगावर उलटी केली. "जा ना! जा! घर म्हणजे काय दुकान आहे, मारामारी झाली की शटर ओढायला?"

"ओरडू नकोस तिच्यावर," मालक म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा! वस्तरा उगारताना अक्कल कुठे होती?"

"मग काय पोराला मारू द्यायचं होतं?"

दोघं हातघाईवर यायचीच बाकी होती. मुंगी मध्ये उभी होती. एकाएकी ती पाय आपटून ओरडली,

"तुम्ही भांडत बसा! भुंग्याच्या औषधाची वेळ झाली, ती दिसतेय का कुणाला? आणि माझ्या? पाणी कोण आणणार? सगळं मीच बघायचं का या घरात?"

मालकीणबाई हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "ऐकलंत? ही म्हणे चालली होती!"

मुंगी तेव्हा भुंग्याला ओढत आत गेली होती. भांड्यांचा आवाज येत होता.

मित्रांनो, ती दोघं आता मोठी झाली आहेत. मुंगी मला अधूनमधून तेल देते आणि कुरकुरले की दटावते. उद्या तुमच्या बाकावर असं एखादं मूल येऊन बसलं, तर सरकू नका. त्याच्या शेजारी बसल्याने, त्याच्याबरोबर डबा खाल्ल्याने काहीही होत नाही. त्याची औषधाची वेळ लक्षात ठेवा. आणि मोठी माणसं हातात विटा घेऊन निघालेली दिसली, तर वाटेत उभे राहून मोठ्याने विचारा, "काका, कुठे चाललात?" लहानांनी विचारलेलं मोठ्यांना फार झोंबतं. त्या संध्याकाळी हे विचारायला रस्त्यावर एकही मूल नव्हतं.