बारा धावपटू आणि एक घसा

आमच्या क्रीडाविज्ञान विभागात प्रत्येकाला काम नेमून दिलेलं होतं. सरांचं काम बोलणं, तंत्रज्ञ काकांचं काम यंत्रं चालू ठेवणं आणि माझं काम ओरडणं. हसू नका, हे शास्त्र आहे. माणसाला ट्रेडमिलवर चढवायचं, तोंडावर मास्क बांधायचा, दर मिनिटाला वेग वाढवत न्यायचा आणि तो किती वेळ टिकला ते लिहायचं. आता कुठलाही शहाणा माणूस दम लागला की थांबतो. त्याने शहाणपणा करू नये म्हणून बाजूला उभं राहून कुणाला तरी बोंबलावं लागतं. "चल! अजून थोडं! सोडू नकोस!" हे सगळं नियमावलीत लिहिलेलं आहे, फक्त सभ्य भाषेत.

आवाज मला आईकडून आला. आई भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारते. तिच्या एका हाकेवर तीन गल्ल्या मागे वळून बघतात. घरात आम्ही कुजबुजलो तरी वरच्या मजल्यावरची माणसं "काय झालं?" म्हणून विचारायला येतात. विभागात मला कुणी नावाने हाक मारत नाही, भोंगा म्हणतात. पहिल्या वर्षी राग आला. दुसऱ्या वर्षी मीच डब्यावर लिहून टाकलं, म्हणजे डबा तरी चोरीला जायचा थांबला.

त्या वर्षी एकच जागा होती. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं संशोधन करायला आमच्या विद्यापीठातून एक विद्यार्थी जाणार होता. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, त्या जागेच्या विचाराने मला जेवण जात नव्हतं. स्पर्धेत आम्ही दोघंच होतो, मी आणि गुणपत्रिका. गुणपत्रिका म्हणजे माझ्या वर्गातला एक मुलगा. त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की त्याचे सातवीपासूनचे टक्के आपल्याला पाठ होतात. त्याचा अभ्यास बुटाच्या नाड्या किती घट्ट बांधाव्यात यावर होता. माझा होता सरांच्या बिटाच्या रसावर.

बिटाच्या रसाने दम वाढतो, असं म्हणत सर अकरा वर्षं त्याची बाजू लढवत होते. ते स्वतः रोज तो पीत, त्यामुळे त्यांची जीभ कायम लाल असे आणि रागावले की फार भयंकर दिसत. पद्धत साधी होती. बारा धावपटू, प्रत्येकाच्या दोन चाचण्या. एकदा खरा रस प्यायचा, एकदा त्याच रंगाचं आणि चवीचं पाणी. बाटलीत काय आहे ते धावणाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि ओरडणारीलाही नाही. यादी काकांच्या कपाटात कुलपात.

काका याबाबतीत एकदम काटेकोर माणूस. बाटल्या काळ्या, झाकणं सारखी, वजन सारखं, नावाच्या जागी नुसता आकडा. पण रस तळाशी बसतो आणि पाणी बसत नाही. म्हणून काकांनी रसाच्या बाटल्यांवर छोट्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली, 'हलवून द्या'. फक्त रसाच्या बाटल्यांवर. पाणी कशाला उगाच हलवायचं?

दोन महिने मी चिठ्ठी वाचत होते, बाटली हलवत होते, धावणाऱ्याच्या हातात देत होते आणि आपल्याला काहीच माहीत नाही असं समजत होते. सरांनीही त्या बाटल्या पाहिल्या होत्या. तिघांच्या पदव्या एकावर एक ठेवल्या तर खुर्ची करून बसता येईल, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

निकाल लागला तेव्हा सर खोलीत नाचायचेच बाकी होते. रसाने सरासरी एक्केचाळीस सेकंद वाढले होते. बारा जणांत सगळ्यात हळू पळणारी होती सिस्टर, म्हणजे इस्पितळातली परिचारिका. ड्यूटी संपवून त्याच सपाट बुटांत यायची. तीसुद्धा रसाच्या दिवशी बावन्न सेकंद जास्त टिकली आणि खाली उतरून रडली. सर म्हणाले, "आता जागा तुझीच समज." घरी येऊन मी बॅगा मोजल्या. एकच होती, तिची चेन तुटलेली.

निवड समितीसमोर निष्कर्ष मांडायला चार दिवस उरले होते आणि खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाईंची तक्रार आली. सरांनी ती न वाचता माझ्याकडे ढकलली. "तू ओरडतेस, तूच माफी माग."

माफीचं पत्र लिहायला बसले आणि तक्रार वाचली. बाई कामाला पक्क्या होत्या. दोन महिन्यांत त्यांनी आमच्या चोवीसच्या चोवीस चाचण्यांची नोंद ठेवली होती. तारीख, वेळ आणि आरडाओरड्याला एक ते पाच गुण. एक म्हणजे 'वाचन शक्य', पाच म्हणजे 'वाचकांनी पुस्तकं मिटली'. मधे एके ठिकाणी शेरा होता, 'वरून कुणी पडत आहे का याची चौकशी केली'.

मला हसू आलं. मग सवयीने मी तारखा आमच्या यादीशी लावून बघितल्या, आणि हसू गेलं.

रसाच्या दिवशी चार, पाच, पाच, चार. पाण्याच्या दिवशी दोन, एक, दोन, तीन. बारापैकी अकरा जणांचं असंच. उरला एक. त्याच्या रसाच्या दिवशी माझा घसा बसला होता, बाईंनी एक गुण दिला होता. आणि बारा जणांत रस पिऊन कमी पळालेला तेवढा एकच होता.

मला जागा हवी होती, म्हणून रस जिंकायला हवा होता, म्हणून चिठ्ठी असलेली बाटली हातात आली की मी जीव तोडून ओरडत होते. मुद्दाम नाही, देवाशपथ नाही. पण आमच्या अख्ख्या प्रयोगात बाटलीत काय आहे हे खरोखर माहीत नसलेली एकच व्यक्ती होती, आणि ती खाली बसून आमच्या नावाने बोटं मोडत होती.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ही तक्रार आहे," सर म्हणाले. "शास्त्रीय नोंद नाही."

"सर, आपल्यापेक्षा नीट लिहिली आहे."

"ग्रंथपालांच्या कानांचं प्रमाणीकरण झालंय का?"

"माझ्या घशाचं तरी कुठे झालंय?"

सरांनी लाल जीभ गालात फिरवली. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, हे तू समितीत बोललीस तर जागा गेली. मी तुला बोल म्हणणार नाही आणि बोलू नकोसही म्हणणार नाही." म्हणजे ओझं माझ्याच डोक्यावर. मला त्यांचा इतका संताप आला की दार आपटूनच बाहेर पडले.

चार दिवस मी स्वतःला पटवत होते. रस तर असतोच चांगला. कोण विचारणार आहे? तिकडे गेल्यावर नीट काम करीन. सगळं मला पटत होतं, फक्त सिस्टर उतरून रडली होती ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं. तिला घरी जाताना आपण काय सांगितलं? बीट खा म्हणून.

समितीत तीन जण होते. त्यातल्या पाहुण्या बाई त्या प्रयोगशाळेतून आलेल्या. मी पहिला आलेख दाखवला, सरांची मान डोलली. दुसरा आलेख ग्रंथपालबाईंचा होता. सरांची मान थांबली.

सगळं सांगून झाल्यावर पाहुण्या बाईंनी विचारलं, "मग हे एक्केचाळीस सेकंद आले कुठून?"

"माझ्या घशातून," मी म्हटलं.

सगळे हसले. बाई तर डोळे पुसत हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं, प्रामाणिकपणा आवडला. दुसऱ्या दिवशी यादी लागली. जागा गुणपत्रिकेला. त्याच्या नाड्यांच्या अभ्यासातून काहीही निघालं नव्हतं, पण निदान त्याच्यात कुणी ओरडलं नव्हतं.

खरं बोलल्याचं समाधान वगैरे मिळतं म्हणतात. मला मिळालं नाही. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

आई बाजारातून आली, दारातच उभी राहून तिने सगळं ऐकलं. "थांब, मला नीट समजू दे. तुझ्या आवाजाने माणसं एक्केचाळीस सेकंद जास्त पळाली?"

"हो."

"आणि जागा दुसऱ्याला दिली?"

"हो गं."

"डोकी फिरलीत का त्यांची?" आई म्हणाली, आणि ते वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी ट्रेडमिलजवळ येऊन उभे राहिले. "ते बारा जण परत बोलव. अकरा वर्षं मी रसासाठी भांडतोय. खरंच काही होतं का, ते मला तरी कळू दे." या वेळी सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लागल्या. आणि नियम एकच, खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही. तो नियम सरांनी स्वतः मोठ्या अक्षरात भिंतीवर लावला.

न ओरडता बघणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. माणूस समोर तडफडतोय आणि आपण घड्याळाकडे बघत उभे. सगळे लवकर थांबत होते. एक जण उतरून म्हणाला, "आज एकट्यानेच पळाल्यासारखं वाटलं." मी मान खाली घालून आकडा लिहिला.

शेवटची चाचणी सिस्टरची होती. दिवसपाळी करून आलेली, पायात तेच बूट. अकराव्या मिनिटाला तिचे खांदे वर चढले, पाय वाकडे पडायला लागले. मास्कच्या वर नुसते डोळे, आणि ते माझ्याकडे. मी ओठ इतके दाबले की दुखायला लागले. तिचा हात यंत्र थांबवायच्या लाल बटणाकडे गेला.

"पळ गं बाई!" सर ओरडले.

मी चमकून बघितलं. सरांचा चेहरा जिभेइतका लाल झाला होता. तिने रस प्यायला होता की पाणी, ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. "थांबू नकोस! अजून आहे तुझ्यात!" सर ट्रेडमिलच्या दांड्याला धरून ओरडत होते. मग मीही सुरू झाले. काका यंत्रामागून टाळ्या पिटत बाहेर आले. सिस्टरने हात मागे घेतला आणि पळत राहिली. आणखी सत्तर सेकंद. त्या सत्तर सेकंदांत मला जागेची एकदाही आठवण झाली नाही. नंतर झाली, रोज होते.

तिची नोंद अर्थातच बाद करावी लागली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'सर्व संशोधक ओरडले'. निकाल उरलेल्या अकरा जणांवर लावला. रस आणि पाणी यांत फरक दोन सेकंदांचा, तोही पाण्याच्या बाजूने. सरांनी कागद वाचला, घडी घातली आणि खुर्चीत बसले. अकरा वर्षं एका कागदात संपली होती.

"सिस्टर किती वेळ पळाली?" त्यांनी विचारलं.

"ती बाद आहे, सर."

"बाद आहे ते मला माहीत आहे. किती पळाली?"

मी आकडा सांगितला. तिच्या चारही चाचण्यांमधला तो सगळ्यात मोठा होता. सरांनी खिशातून पेन काढलं आणि तो आकडा त्या घडी घातलेल्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतला.