एकतीस चिन्हं

संगणक तीन, प्रिंटर दोन, शाईच्या फिती पाच, फ्लॉप्या त्रेचाळीस; त्यांतल्या सहा वाकलेल्या. नीलाने आकडे वहीत मांडले आणि तपासायची राहिलेली शेवटची फ्लॉपी यंत्रात सरकवली. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या छापायचा प्रोग्राम तिच्यावर होता.

साल १९८८, फेब्रुवारी. साखर कारखान्याच्या त्या खोलीत तेव्हा चपला बाहेर काढून जावं लागे. यंत्रांना बेंबळीच्या रस्त्याची धूळ सोसणार नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सोमवारी पुण्याहून इंजिनिअर येऊन तिन्ही संगणकांवर नवी सिस्टिम घालणार होता. त्याआधी सगळ्याची नक्कल काढा, प्रिंटर तपासा आणि दर फ्लॉपीवर किमान दोन हजार बाइट जागा मोकळी ठेवा, असं त्याचं पत्र होतं. कळंबची नीला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन नुकतीच कामाला लागली होती. पत्र तिला पाठ होतं.

या फ्लॉपीवर मोकळी जागा होती तीनशे दहा बाइट.

बाकीची कशाने भरली ते तिने पाहिलं. प्रिंटरला मराठी येत नव्हतं. एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी रचून त्याला शिकवलेलं होतं. अक्षरं संपल्यावर आणखी एकतीस आकृत्या होत्या. घागर. नांगर. जातं. कोंबडा. विळा.

"भाऊसाहेब, ही चित्रं कशाची?"

अंबादास बनसोडे ऊस विभागाचे जुने कारकून. अक्षरं त्यांनीच आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढली होती. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"चित्रं न्हाईत ती. सभासद हाईत. जे अंगठा देतात ते. नावाच्या शेजारी आपली खूण दिसली की चिठ्ठी आपली."

"नाव वाचून सांगता येईल की खिडकीवर."

"सांगत होतो की. दोन गोरोबा एकाच गावचे. ह्याची चिठ्ठी त्यानं नेली. ऊस तोडायची तारीख गेली, अकरा दिवस उभा ऊस वाळला. माणूस माझ्या टेबलापाशी येऊन नुसता बसला."

नीलाने गुणाकार केला. एका आकृतीला चौसष्ट बाइट. एकतीस आकृत्या पुसल्या की जागा होत होती दोन हजार दोनशे चौऱ्याण्णव. दुसरं काही पुसण्यासारखं दिसत नव्हतं.

"आणि खुणेऐवजी नंबर दिला तर?"

"नंबर पाठ करावा लागतो, पोरी. घागर काय पाठ करायची?" ते हसले, मग हसू मावळलं. "आईनं काढल्यात त्या. बहात्तरच्या दुष्काळात. त्या साली गावात पाणी ते आमच्या बौद्धवाड्यातल्या विहिरीला. ज्यांनी त्या वाटेला कधी पाऊल टाकलं नव्हतं, ती सगळी घरं रांगेला. भांडणं व्हायला लागली. आईला लिहिता येत न्हाय, रांगेतल्यांनाबी वाचता येत न्हाय. मग तिनं पत्र्याचे तुकडे घेतले, कोळशानं घराघराला खूण दिली. ज्याची खूण निघंल त्याची पाळी. माझ्या आईबद्दल लोक म्हणायचे, अनसूयाबाईची खूण म्हणजे खूण."

नीलाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"भाऊसाहेब, सोळा वर्षं झाली. खूण अजून लागते का, ते आपण मोजलंय कधी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आज शनिवार, चिठ्ठ्यांचा दिवस. अंगठेवाले नऊ जण येणार आहेत. नऊ चिठ्ठ्या खुणेशिवाय छापू, टेबलावर पसरू. ज्याने त्याने आपली उचलायची. उचलली तर खूण पुसायची, नाही उचलली तर ठेवायची. मग मी पुण्याशी भांडेन."

"आणि सगळ्यांनी उचलली तर?"

अंबादासांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "छाप," ते म्हणाले.

अकराच्या सुमाराला मालनबाई आल्या. साठी उलटलेल्या, अंबादासांच्याच गावच्या, पाटील गल्लीतल्या. चपला बाहेर ठेवून त्या आत आल्या आणि यंत्राला हात जोडले.

"मालनकाकू, तुमची चिठ्ठी ह्यातली कंची?"

त्या वाकल्या. बोट चौथ्या चिठ्ठीवर थांबलं. "ही. मा… ल… न. दोन वर्सं बघतीय की, घागरीच्या शेजारी हेच असतंय."

"बरोबर," अंबादास म्हणाले. त्यांनी आपल्या खुणांच्या वहीतल्या घागरीवर पट्टी धरून एक बारीक रेघ मारली. नीलाने मान वर केली नाही.

मालनबाई दारापर्यंत गेल्या. एक चप्पल पायात घातली, चिठ्ठी उन्हात धरली आणि चप्पल पुन्हा काढून मागे फिरल्या.

"अंबादास, माझी घागर कुठंय रं?"

"काकू, आता नाव वाचता येतंय की तुमाला."

"येतंय. मग?"

"मग खुणेचं काय काम? पुण्याच्या सायबाला यंत्रात जागा मोकळी पायजे."

"कामाचं कोण इचारतंय? तुझ्या आईनं दिलीय ती मला. उन्हात हुबी ऱ्हाऊन दिलीय. ती काढून घ्याया हा पुण्याचा कोण लागून गेला?" त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि खाली बसकण मारली. "घागर असंल ती दे. मी बसतीय. घाई न्हाय मला."

अंबादास प्रिंटरकडे वळले. कागद सरळ होता, तरी ते बराच वेळ त्याला सरळ करत राहिले.

दुपारी महांतप्पा आले, मग बंडप्पा. धुळाप्पा चिठ्ठी घेऊन फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच ओरडत परतले, "माजा कोंबडा कुनी खाल्ला, भाऊसाब?" जातं मागायला म्हाळसाबाई आल्या तेव्हा मालनबाईंनी सरकून त्यांना जागा केली. चारच्या पुढे खोलीबाहेर सभासदांच्या चपलांचे नऊ जोड होते. प्रिंटरची सुई करकरत नव्या चिठ्ठ्या काढत होती.

पाच वाजता नीलाने इंजिनिअरसाठीचा कागद पुढे ओढला. 'पुसायच्या गोष्टी' या रकान्यासमोर तिने लिहिलं :

तपासलेले सभासद : नऊ.
खुणेशिवाय आपली चिठ्ठी ओळखली : नऊ.
खुणेशिवाय नेली : शून्य.