वरच्या वस्तीची बस

सेव्दाने घोडागाडी हाकली होती, भावाचा ट्रक पळवला होता. पण बसच्या स्टिअरिंगमागे बसल्यावर तिला हसूच आवरेना.

बाल्कन डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात टेकडीवरच्या रोमा जमातीच्या वस्तीला बस कधी नव्हतीच. खालच्या बिस्किट कारखान्याला माणसं हवी होती, वस्तीतल्या बायकांना काम हवं होतं, आणि म्युनिसिपालटीची जुनी बस ड्रायव्हरवाचून गंजत उभी होती. वर्षानुवर्षं सगळे एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. शेवटी वस्तीतल्या महिला मंडळाने उपमहापौर रादोस्तिनाबाई आणि कारखान्याचे मालक कामेनसाहेब यांना एका टेबलाशी बसवलं, पुढ्यात भरल्या मिरच्या ठेवल्या आणि काही ठरेपर्यंत उठू दिलं नाही. बस म्युनिसिपालटीची, डिझेल अन् ड्रायव्हरची शिकवणी कारखान्याची, आणि ड्रायव्हर वस्तीची.

आज पहिली फेरी. दोन्ही पाहुणे बायकांसोबत बसमध्ये चढले. सेव्दाची सासू झ्युम्ब्युला निघण्याआधी वाटेवर शकुनाचं पाणी ओतायला पुढे आली. तांब्याभर पुरलं असतं. म्हातारीने बादल्या रिकाम्या केल्या.

"अहो आई, बास की!"

"गप गं! मोठी गाडी, मोठा शकुन!" म्हणत म्हातारी आत येऊन पहिल्या सीटवर बसली.

कच्च्या रस्त्याचा राडा झाला. चाकं जागच्या जागी गरगरायला लागली.

"उतरा सगळे! ढकला!" सेव्दा ओरडली. उपमहापौरांना आपण हुकूम सोडला, हे तिच्या नंतर ध्यानात आलं. पण बाई खरंच उतरल्या, साहेबांनी कोट काढला, बायकांनी घागरे खोचून बाह्या सरसावल्या. लग्नात वाजवणाऱ्या बेंदोने तुतारी फुंकली. बस हिसका देऊन सुटली ती थेट उतारालाच लागली! अशा चिखलात ब्रेक दाबायची सेव्दाची छाती होईना.

"अगं थांब, थांब!" चिखलाने माखलेल्या रादोस्तिनाबाई एका पायात बूट घालून धावत होत्या. मागे साहेब, त्यांच्यामागे बायका, सगळ्यात शेवटी तुतारी.

"सूनबाई, थांबू नकोस! जरा पळू दे त्यांना," सीटवरून हललीच नव्हती ती म्हातारी टाळ्या पिटत म्हणाली. "किती वर्षं आपणच पळालो!"

सेव्दा इतकी हसली की डोळे पुसत पुसत तिने रेल्वे फाटकाजवळच्या सपाटीवर बस उभी केली. सगळे धापा टाकत, एकमेकांना धरून खिदळत आत कोंबले गेले.

"हा रस्ता पक्का करायलाच हवा," रादोस्तिनाबाई कशाबशा म्हणाल्या.

"खडी माझी," साहेब म्हणाले.

"आणि पाणी माझं!" म्हातारी ओरडली, तशी बस हास्याने हादरली.

कारखान्याशी बायका उतरल्या. आत शिरतानाही त्यांचं खिदळणं थांबलं नव्हतं. परत निघताना चौकात छत्री टेकत उभ्या असलेल्या एका गृहस्थाने विचारलं, "ही कुठं जाते, बाई?"

"वर. आमच्याकडे."

"तिकडं कधी गेलोच नाही मी," ते म्हणाले, आणि चढून खिडकीपाशी बसले.

सेव्दाने उगीचच लांबलचक हॉर्न वाजवला.