साहेबरावांचा ठेका पळवला!

आमच्या इंद्रजित सरांसारखा संपादक शोधून सापडायचा नाही, आणि कुणी शोधायला जाऊही नये. पिरंगुटच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक हिरवा पडदा आणि 'मुळशी ठसका' असं लिहिलेला माईक. यूट्यूब चॅनल सरांचं. बातमीदार, कॅमेरावाली आणि खाली ओरडून चहा सांगणारी मी एकटीच, धम्मदीपा. मथळे मात्र सर स्वतः देतात. भुकूमच्या एका सोसायटीत मधमाश्यांचं पोळं निघालं, तर 'हजारोंच्या टोळीचा हल्ला, रहिवासी घरात कोंडले!' असा मथळा देणारा हा माणूस. लोक बघतात, काय बोलणार!

पण त्या गुरुवारी बातमी माझ्या घरची होती, म्हणून माझा जीव त्यात अडकला होता.

माझे वडील साहेबराव ढोलकी वाजवतात. कंपनीतून रिटायर झाले, ढोलकीतून नाही. 'साहेबराव बेंजो पार्टी' म्हटलं की पौडपासून भूगावपर्यंत लोक ओळखतात, ते त्यांच्या एका ठेक्यामुळे. तो ठेका रंगात आला की मध्येच एका ठोक्यापुरता गप्प होतो. नाचणाऱ्यांचा पाय हवेतच राहतो, आणि मग तो असा काही पडतो, की खुर्चीवर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा उठतात. त्याला सगळे साहेबरावांचा ठेकाच म्हणतात.

तर हा ठेका चोरीला गेला.

चोर जांब्याचा, आयटी पार्कजवळच्या गावातला. तिथं एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये 'पियूष बीट्स' नावाची म्युझिक कंपनी आहे. कंपनी म्हणजे पियूष, एक लॅपटॉप आणि भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. त्यानं पप्पांचा ठेका एका वरातीत मोबाईलवर भरून घेतला, त्यावर 'फेज थ्रीची फुलपाखरी' हे गाणं चढवलं, आणि गाणं असं चाललं की पोरं दुचाकीच्या हॉर्नलाही तेच लावायला लागली. इथपर्यंत पप्पा हसत होते. "वाजू दे की, पोरं नाचत्यात," म्हणाले. मग पियूषनं त्या ठेक्यावर स्वतःचा कॉपीराईट टाकला. पप्पांच्या पार्टीचे सगळे जुने व्हिडिओ एकेक करून उडाले. कारण काय? ठेका पियूषचा, आणि साहेबरावांनी चोरलाय!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात रविवारी भुकूमची जत्रा. जत्रा 'मुळशी ठसका'वर लाईव्ह जाते, आणि तो ठेका वाजला की लाईव्ह बंद पडणार. कमिटीवाले घरी आले आणि म्हणाले, "साहेबराव, यंदा दुसरं कायतरी वाजवा. न्हाईतर यंदा राहू द्या." पप्पांनी ढोलकीला खोळ घातली, वर माळ्यावर ठेवली आणि म्हणाले, "माझाच ठेका वाजवायला मी दुसऱ्याची परवानगी काढू व्हय? त्यापरीस वाजवणंच बंद."

माझे वडील बंद म्हणाले की बंद. सिगारेट त्यांनी अशीच सोडली, आणि मावशीकडं जाणंही.

म्हणून मी नीट, सरळ, सभ्य बातमी लिहिली. 'ज्येष्ठ ढोलकीवादक साहेबराव यांच्या ठेक्यावर संगीत कंपनीचा दावा.' सरांनी ती वाचली, म्हणजे पहिली ओळ वाचली, आणि तोंड वाकडं केलं.

"अगं दीपा, ढोलकी या शब्दाला व्ह्यूज नाहीत. संगीतालाही नाहीत. काढ ते."

"सर, मग राहिलं काय?"

"राहिला ठेका! पिरंगुटात राहतेस आणि हे मी सांगायचं?"

बातमी चढली. 'पिरंगुटच्या साहेबरावांचा ठेका पळवला! जांब्याच्या पियूषवर संशय, पोलिसांचं मौन.' पोलिसांना कुणी विचारलंच नव्हतं, तेव्हा ते मौनच पाळणार. शेजारी लाल बाण, जेसीबीचा फोटो आणि कुठल्या तरी सिनेमातलं पिस्तूल. मी सरांशी कडाकडा भांडले. ते म्हणाले, "आकडे बघ." आकडे खरंच वर पळत होते. मेलं ते यूट्यूब!

आता आमच्याकडं ठेका म्हटलं की कुणाला ढोलकी आठवत नाही. भंगाराचा ठेका, कँटीनचा ठेका, कामगार पुरवायचा ठेका, कंपनीच्या बागेत पाणी घालायचाही ठेका. तासाभरात फोन सुरू. कुठल्या कंपनीचा ठेका? साहेबराव कुणाचा माणूस? एक जण तर म्हणाला की तो ठेका मुळात त्यालाच मिळायचा होता, साहेबरावानं मधे तोंड घातलं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसचा जिना दणदणला. जयसिंगअण्णा आले. इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या निम्म्या कंपन्यांचं भंगार अण्णा उचलतात, आणि यंदा त्यांना जिल्हा परिषदेलाही उभं राहायचंय. मागं पांढऱ्या शर्टातली दोन आडदांड पोरं.

"हा साहेबराव कोन?" अण्णांनी टेबलावर हात आपटला. "माझ्या पिरंगुटात ठेका हाय आन मलाच ठाव न्हाई?"

"अण्णा," मी उठले, "ते माझे वडील. ठेका म्हणजे ढोल—"

"तू गप गं पोरी. मोठी मानसं बोलत्यात." अण्णा सरांकडं वळले. "वडील असू द्या न्हाईतर आजा. गावचा मानूस हाय नव्हं? आन ह्यो जांब्याचा उपटसुंभ येऊन आपल्या मानसाचा ठेका नेतो? हे मी चालू देनार न्हाई. आज ठेका माघारी आनतो. तुमी कॅमेरा लावा. लोकांना दिसू दे, भूमिपुत्राच्या मागं कोन हुबं ऱ्हातंय ते."

सरांचे डोळे लकाकले. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा "गप" ऐकलं. मग म्हटलं, बरं, बसते गप. तुम्हीच सांगताय ना! कॅमेरा पुसला, बॅटरी घातली आणि पप्पांना फोन लावला, की ऑफिसात या, ठेक्याचं सगळं सामान घेऊन या.

दुपारी पियूषला आणलं. कुणी हातही लावला नव्हता त्याला. काळ्या गाडीत दोन आडदांडांच्या मधे बसवून आणलं होतं, तेवढंच पुरलं. केसांना निळा रंग, गळ्यात हेडफोन आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. लाईव्ह सुरू झालं. सर माईक धरून उभे राहिले आणि अण्णांनी खुर्ची पुढं ओढली.

"नीट सांग. ठेका कुणाचा?"

"साहेबरावांचा, सर." पियूषनं एका दमात कबूल केलं.

"मग तू कसा घेतलास?"

"वरातीत... मोबाईलवर घेतला."

अण्णा सरांकडं वाकले. मग सरांना हळूच म्हणाले, "आता मोबाईलवर बी ठेका मिळतो व्हय? ऑनलाईन टेंडर असंल." सरांनी गंभीरपणे मान हलवली. मी कॅमेऱ्यामागं ओठ घट्ट मिटून धरले होते.

"मानसं किती लावलीस?"

"एकही नाही, सर. सगळं लॅपटॉपवर."

"एक बी न्हाई?" अण्णा ताडकन उठले. "ऐकलं का, मुळशीकरांनो! साहेबरावाकडं मानसं व्हती. किती व्हती गं?"

"सहा," मी म्हणाले.

"सहा घरं चालत व्हती! ह्यानं सगळ्यांना घरी बसवलं आन मशिनीवर काम काढतुया! अजून काय केलंस?"

"थोडा कापला," पियूष रडकुंडीला आला. "स्पीड वाढवला. आणि... नाशिकच्या एकाला दिला, रिमिक्सला."

"पोटठेका!" अण्णा गरजले. "पोटठेका दिला ह्या भाड्यानं! कायद्यात बसतं का हे?"

"नाही बसत, सर. चुकलं माझं. मी दावा काढतो. आत्ताच काढतो."

आणि त्यानं खरंच काढला. फोनवर, सगळ्यांच्या देखत. मी कॅमेरा त्याच्या स्क्रीनवर नेला, 'दावा मागे घेतला' ही अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत तिथंच धरला. मग अण्णांनी त्याच्याकडून मोठ्यानं वदवून घेतलं, "हा ठेका साहेबरावांचा आहे आणि साहेबरावांचाच राहील." खाली कॉमेंटमध्ये अण्णांच्या नावाचा जयजयकार चालला होता.

तेवढ्यात दारात पप्पा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर घाम आणि खांद्याला खोळ घातलेली ढोलकी.

"जय भीम," पप्पा म्हणाले. "बोलावलं व्हतं नव्हं?"

"या, या साहेबराव!" अण्णांनी त्यांना मिठीच मारली. "घ्या, तुमचा ठेका मिळवून दिला. कागदपत्रं आनली?"

"कसली कागदं? ठेक्याचं सामान घेऊन या म्हनली पोरगी, म्हणून ही आनली." पप्पांनी खोळ काढली.

अण्णांनी ढोलकीकडं बघितलं. पियूषच्या गळ्यातल्या हेडफोनकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडत गेलेली मला दिसली, वरात, मोबाईल, स्पीड, नाशिक. कान लालबुंद झाले.

"ह्यो... ह्यो ठेका?"

"तेच सकाळपासून सांगत होते," मी म्हणाले. "तुम्हीच गप म्हणालात."

माझा जीव टांगणीला लागला. अण्णांनी आता नुसतं "हॅत!" म्हटलं असतं, तर पियूषनं घरी जाऊन तो दावा परत टाकला असता, आणि ढोलकी पुन्हा माळ्यावर गेली असती. पण कॅमेरा चालू होता, हजारो लोक बघत होते, आणि भूमिपुत्राच्या मागं उभं राहून झालं होतं. अण्णांनी मिशीवर हात फिरवला.

"मला काय ठाव न्हवतं व्हय? मला सगळं ठाव व्हतं. वाजवा साहेबराव."

पप्पा खाली फरशीवर बसले आणि वाजवायला लागले. खोळ घातल्यापासून हात लावला नव्हता त्यांनी. पहिले दोन फेरे जरा अडखळले आणि मग ठेका आला. हार्डवेअरवाला वर आला, चहावाला वर आला, आडदांड पोरांचे खांदे हलायला लागले. पियूष तर डोळे मिटून ऐकत होता, मेला! अण्णांचा पाय आधी नुसता आपटत होता, मग अण्णा ओरडले, "अरं, हे तर माझ्या वरातीत वाजलं व्हतं!"

"व्हय की," पप्पा वाजवता वाजवता म्हणाले. "तुमी घोड्यावरनं उडी टाकली व्हती. तुमच्या सासऱ्यांचा फेटा पडला."

सगळे खो खो हसले, अण्णाही. ठेका संपला तसे ते पप्पांच्या समोर मांडी घालून बसले.

"एक इचारू? हितं मधी थांबता कशाला? लई वर्षं मनात हाय."

पप्पा लाजले. माझ्याकडं न बघता ढोलकीच्या दोऱ्या सारख्या करत म्हणाले, "त्याचं काय न्हाई, अण्णा. ही तान्ही व्हती. हिची आई कंपनीत दुसऱ्या पाळीला जायाची. मी हिला झोळीत टाकून सराव करायचो. झोका थांबला की ही रडायची. मग झोका द्यायला डावा हात सोडायचा, तेवढा एक ठोका ऱ्हायचा. पुढं ही मोठी झाली, पन हाताला सवय लागली ती लागलीच."

मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. म्हणजे सांगते: मला रडू आलं, कॅमेरा हातात असताना, लाईव्हमध्ये. सगळ्या तालुक्याचा पाय जिथं हवेत राहतो, तिथं माझी झोळी होती. आणि ह्या माणसानं मला हे कधी सांगितलं नाही!

"पप्पा, मला का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? घरचंच व्हतं की."

तेवढ्यात कमिटीचा फोन आला. रविवारी साहेबरावच वाजवणार, आणि पाहुणे म्हणून जयसिंगअण्णा येणार. पप्पांनी ढोलकी खांद्याला लावली. खोळ टेबलावरच विसरून गेले.

सगळे गेल्यावर सर संगणकासमोर बसले आणि टकाटक टाइप करायला लागले. मी डोळे पुसून मागून डोकावले. मथळा चढलाही होता: 'साहेबरावांच्या ठेक्यात अनेक वर्षांपासून खंड! पोटच्या मुलीचाच हात!'

सर दचकून वळले. "काय गं, भांडणार का? बदलू?"

"नको सर," मी म्हणाले. "राहू द्या. अगदी बरोबर आहे."