रंगवलेल्या इंजिनाची कैफियत

काय बघताय? हो, मीच बोलतोय. प्रशिक्षण केंद्राच्या वर्कशॉपमधलं डिझेल इंजिन. चकाकतोय ना? त्या चकाकीनंच वाटोळं केलं.

माझं तारुण्य एका बसच्या पोटात गेलं. घाट चढताना असा गरजायचो की पेंगणारे प्रवासी खडबडून जागे व्हायचे. पुढे बस भंगारात गेली आणि मला इथे आणून लोखंडी चौकटीवर बसवलं. "याच्यावर पोरं शिकतील," असं कुणीतरी म्हणालं. मला बरं वाटलं. म्हातारपणी कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतो.

पण शिकवणं कसलं? मास्तर फळ्यावर माझं चित्र काढायचे, पोरं ते वहीत उतरवायची. अहो, मी इथे जिवंत उभा आणि यांचं सगळं लक्ष चित्राकडे!

मग मास्तर कुठेतरी जाऊन नवी पद्धत शिकून आले. नुसते उत्साहाने फुलले होते. "आता घोकंपट्टी बंद! ज्याला स्वतःच्या हातानं करून दाखवता येईल तोच पास. ज्याला वेळ लागेल त्याला वेळ देऊ."

त्याच वर्षी ताई आली. वर्गात सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला ताईच म्हणायचे. तिचा नवरा बसचालक. पाठीचं दुखणं होऊन अंथरुणाला खिळला होता. त्याच्या जागी तिला डेपोच्या वर्कशॉपमध्ये घेणार होते, पण अट एकच: इंजिन उघडायचं, परत बसवायचं आणि चालू करून दाखवायचं. संधी एकदाच. घरात दोन लेकरं, सासू, आणि कमावणारं दुसरं कुणी नाही.

सुरुवातीला ताईच्या हातून पाना निसटून बोटं सोलायची. पण बाई चिवट! हळूहळू माझा एकेक नट तिच्या ओळखीचा झाला.

अडचण पुढेच होती. वर्ग भरलेला आणि इंजिन मी एकटा. ताईची पाळी येऊन मला उघडून होतंय न होतंय तोच घंटा व्हायची. पुढचा वर्ग दारात उभा. घाईघाईनं झाकण लावून सगळे पळायचे. चालू करणं रोज उद्यावर.

त्यातून प्राचार्य डिझेल देईनात. "धूर होतो, भिंती काळ्या होतात. आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण?" मास्तर चार वेळा भांडले, पाचव्या वेळी गप्प बसले.

इंजिन उघडून बसवलं की डिझेलच्या नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय इंजिन काही केल्या चालू होत नाही. त्यासाठी नळीवरचा हवेचा स्क्रू किती सैल करायचा, फेस जाऊन नुसतं डिझेल कधी येतं, हे हातालाच कळतं. शेवटी मास्तर म्हणाले, "ताई, उद्या मी घरून डिझेल आणतो. तू हवा काढ, याला चालू कर." रात्रभर मी आनंदात होतो.

सकाळी आला रंगारी! नवी पद्धत कशी चालली आहे हे बघायला तपासणीचे साहेब येणार होते ना. प्राचार्यांनी मला चंदेरी रंग मारायला सांगितला. त्या भल्या माणसानं नट, बोल्ट, हवेचा स्क्रू, काही सोडलं नाही. भोवती दोरी बांधली. हात लावायचा नाही!

साहेब आले. "हवा कशी काढतात?" सगळ्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं. साहेब खूश. प्रत्येकाच्या नावापुढे 'येतं' असं लिहू लागले. तेवढ्यात ताई उठली. "साहेब, माझ्यापुढे नका लिहू. मी कधी केलंच नाही. मला शिकायचंय."

प्राचार्य हसत म्हणाले, "लाजते हो ती. येतं तिला."

ताईनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर फळा पुसत होते.

डेपोतली परीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी ताई इथे आली. डोळे सुजलेले. "सगळं नीट बसवलं हो मास्तर. हवा काही निघेना. फोरमन म्हणाले, तोंडपाठ सगळं आहे, हातात काही नाही. दुसऱ्याला घेतलं त्यांनी. आता घरी काय सांगू?"

ताईनं दोरी ओलांडली, पाना उचलला आणि माझ्या हवेच्या स्क्रूला लावला. जोर केला. रंगाचा एक पापुद्रा निघाला. माझ्या जिवात जीव आला. लाव गं बाई, अजून जोर लाव!

"ताई," मास्तर हळूच म्हणाले, "रंग उडेल. पुढच्या महिन्यात परत साहेब येणार आहेत."

तिनं पाना जागेवर ठेवला आणि निघून गेली. ती परत आली नाही.

मी आहे तसाच आहे. रोज कुणीतरी फडक्यानं पुसतं. आता काही मागत नाही मी. फक्त कुणी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, की याच्यावर पोरं शिकतात, तर विश्वास ठेवू नका.